भीमाची करंगळी

माझ्या मामांच्या देव्हाऱ्यात भीमाची करंगळी होती. वीतभर लांब, दगडासारखी जड, शेंदूर फासलेली. मांडवगण फराट्याला नदीकाठच्या गाळात ती मामीला सापडली होती, आणि गावातल्या बाया आपली किरकोळ अंगाची पोरं तिला टेकवायला आणायच्या.

नव्वदच्या दशकात मी पुण्याला पुरातत्त्व शिकायला गेले आणि पहिल्याच वर्षी मला शिंगं फुटली. दिवाळीच्या सुट्टीत मामी शेतात गेलेली बघून मी करंगळी उचलली, नखानं शेंदूर खरवडला आणि ओसरीवर दोर वळत बसलेल्या मामांना ऐकवलं, "मामा, हे माणसाचं हाड नाहीच. रानबैलाच्या पायाचं आहे, हजारो वर्षं गाळात राहून दगड झालंय. मामी आली की सांगूनच टाकते."

मामांनी मानसुद्धा वर केली नाही.

"नळी हाय ती. खाली दोन बोंडं हाईत का न्हाई, दोन खुरांची? अगं, जल्मभर मेंढरांचं मोडकं पाय बांधलं म्या. मला कळंना व्हय?"

मी चाटच पडले. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुझ्या मामीची दोन लेकरं पाळण्यात गेली. तिसऱ्या खेपेला ती झोपायचीच न्हाई. पोटावर हात ठिवून बसून ऱ्हायाची. हे घावलं आन् झोपाय लागली. आता तू काय सांगणार तिला? बैलानं झोपवलं म्हणून?"

ते तिसरं लेकरू, माझा मामेभाऊ, तेव्हा वाकल्याशिवाय दारातून आत येत नव्हता. मला माझीच लाज वाटली. मामी यायच्या आत मी खरवडलेल्या जागी शेंदूर लावून ठेवला.

पुढं काही वर्षांनी मामा गेले. तेरावं उरकून मी निघाले तेव्हा मामीनं फडक्यात बांधलेली करंगळी माझ्या हातात दिली. शेंदूर धुऊन काढलेला होता.

"ने तुझ्या कालेजात. गाईची हाय का बैलाची, ते तेवढं मला कळलं न्हाई."

"मामी, तुला माहीत होतं?"

"मीबी मेंढरांमागंच वाढले की. घावली तवा वाटलं, भीमाचीच. घरी आणून धुतली तवा दिसली दोन बोंडं. पर तवर तुझं मामा शेंदूर घिऊन आलं होतं." तिनं पदरानं डोळे पुसले. "लेकरं गेल्यापासनं अन्नाला धड शिवत नव्हतं ते. त्या दिशी दीड भाकर खाल्ली. त्यास्नी जेवताना बघितलं, आन् मग मला झोप लागली."