वरची मूठ

तांबरमच्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. मी त्यांना अक्का म्हणायचो. तेव्हा मी पुण्याहून मद्रासला आलो होतो, आहार-पाहणीच्या नोकरीवर. सकाळी घरोघरी जाऊन शिजवण्याआधीचे तांदूळ, डाळ, भाजी तोलायची आणि माणसाला लागतं तेवढं अन्न त्याच्या पानात पडतं का, ते काढायचं.

अक्का तंजावरच्या मराठी. बोलताना तमिळ हेल यायचा. मी तांदूळ तोलून दिले की पदराला हात पुसून त्या डब्यातली आणखी एक मूठ त्यात टाकायच्या. माझा हिशेब रोज बिघडायचा.

"अक्का, ही कुणाची?"

"मुलाची. जहाजावर गेला तो, काही कळवत नाही. अवचित आला तर काय वाढू?"

मी म्हटलं, आमचे आकडेही असेच ठरतात. सरासरी गरजेवर थोडं जास्त धरतात, म्हणजे ज्याला जास्त लागतं त्यालाही कमी पडू नये.

त्या हसल्या. "तुमचे साहेब आईच्या हातचं जेवलेले दिसतात."

शेवटच्या दिवशी तोलून झाल्यावर मी निघालो, तर त्यांनी भात होईपर्यंत थांबवून घेतलं आणि केळीचं पान मांडलं. पाहणीच्या घरी जेवायचं नाही, असा आमचा नियम होता. तो मी सांगितला. त्या भात वाढतच राहिल्या.

"आज त्याच्या वाटचं तुम्ही जेवा. त्यालाही कुठे कोणी वाढत असेल."

मी जेवायला बसलो. पुण्यात माझी आई त्या वेळी कुणाला वाढत होती, कोण जाणे.