विहीणबाईंचा सपाट चमचा

आठ दिवसांनी विहीणबाई लग्नाहून परत आल्या, तेव्हा व्हरांड्यातल्या त्यांच्या झाडाची पानं टोकापासून अर्ध्यापर्यंत जळून तपकिरी झाली होती. घर राखायला मी होते. युरिया मीच घातला होता.

माझ्या लेकीच्या सासूइतकं मोजूनमापून जगणारं माणूस दौंडच्या रेल्वे क्वार्टरांत दुसरं नव्हतं. पाहुण्याला चहा दीड कप. दुसरा पूर्ण मागितला तरी दीडच. मी आमच्या मांडवगणहून पोतंभर शेंगा नेल्या, तर एक डबा ठेवून बाकी शेजारी वाटून टाकल्या. म्हणाल्या, "डबा एकच आहे." झाडालाही तसंच. पट्ट्यापट्ट्यांचं ते स्पायडर प्लांट. आधी माती ओली करायची, मग बादलीभर पाण्यात खताचा एक चमचा, तोही बोटानं सपाट केलेला, आणि त्यातलं तांब्याभर पाणी झाडाला. तीन आठवड्यांतून एकदा. थंडीत तेही बंद.

व्याह्यांची बदली झाली की सोडलेल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात या झाडाचं एक पिल्लू, म्हणजे दांडीच्या टोकाला फुटणारं रोपटं, टांगून जायचं, हा त्यांचा नेम. पुढं येणारी बाई कोण, हेही माहीत नसायचं. मी विचारलं, "तिनं फेकून दिलं तर?"

"तिची मर्जी. रिकाम्या घरात पाऊल पडू नये, एवढंच."

दौंड शेवटचं. दिवाळीनंतर व्याही निवृत्त होणार होते, आणि त्या साली झाडाला एकही पिल्लू नव्हतं. जुनी कुंडी फुटली म्हणून मोठीत लावलेलं. त्या म्हणत, "मुळांनी कुंडी भरू दे. पोट तुडुंब भरलं की ते नुसती पानं काढत बसतं." मला ते पटेना. आमच्या उसाला आम्ही पोत्यानं घालतो. म्हणून मी घरून मूठभर युरिया कागदात बांधून नेला होता.

जळकी पानं बघून त्या म्हणाल्या, "विहीणबाई, हा ऊस आहे का? कारखान्यात गाळायला न्यायचाय?"

मीही गप्प बसले नाही. "उपाशी हाय बिचारं. माझ्या लेकीलाबी असंच चमच्यानं वाढता व्हय?"

लेक आतून ओरडली, "आई, लग्नातलं एकबी ब्लाऊज अंगात जात न्हाई माझ्या!"

मला वाटलं, विहीणबाई आता रडतील. त्यांनी पदर खोचला, कुंडी नळाखाली धरली आणि खालच्या भोकातून पाणी निथळेपर्यंत धुतली. पुन्हा भरली, पुन्हा निथळू दिली. जळकी टोकं कात्रीनं कापली, कुंडी सावलीत ठेवली. दोन महिने खत नाही. मी दर बाजाराला दौंडला जायची, ती लेकीला भेटायला, असं सांगून.

गणपती गेल्यावर एक दांडी निघाली. तिला पांढरी बारीक फुलं आली, मग टोकाला पिल्लू. एकच. क्वार्टर सोडताना ते त्यांनी व्हरांड्यात टांगलं. मी म्हटलं, "पुढच्या साली एक मला द्या."

"तुम्हाला नाही. तुमच्याच्यानं त्याला उपाशी ठेवणं व्हायचं नाही."

दिलं नाहीच. त्या वारल्यावर लेकीनं ती मोठी कुंडीच माझ्या ओट्यावर आणून ठेवली. चमच्यासकट. मी बोटानं तो सपाट करते. यंदा सात पिल्लं आहेत.

विहीणबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. झाड आहे. मी आहे.