मायाक्काची हजेरी

शुक्रवार पेठेतल्या महापालिकेच्या शाळेत पहिलीला शिकवणाऱ्या दाक्षायणीबाईंचा राग एरवीही नाकाच्या शेंड्यावर असायचा. १९७४ साली मात्र तो तिथून खाली उतरायलाच तयार नव्हता. निमित्त होतं मायाक्का. पोरीचा दोष नव्हता म्हणा, तिनं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

मायाक्का सात वर्षांची. मेंढरं विकून सांगोल्याकडून आलेलं कुटुंब. बाप सिद्धनाथ गिरणीत, आई केराबाई चार घरची धुणीभांडी करायची. पोर बोलायची नाही, कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायची नाही. बाक सरकला की कानावर हात, घंटा पाच मिनिटं आधी झाली की किंचाळी. पण एकपासून शंभरपर्यंतची कार्डं विस्कटून दिली, तर बाईंच्या आधी ओळीनं लावून मोकळी. डॉक्टर म्हणाले, वाढत्या वयात बोलेल. मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेनं सांगितलं, हिला चांगलं ऐकू येतं, आमच्याकडे नको.

शाळेत रोज नावं पुकारली जायची आणि मुलं ‘हजर बाई’ म्हणायची. मायाक्का पहिल्या बाकावर गप्प. जो ओ देत नाही तो गैरहजर, हा हेडमास्तर मडिवाळप्पांचा नियम. त्यामुळे दोन महिने ती पोर बाकावर हजर आणि पटावर गैरहजर होती. खात्याला तोंड लागतं, डोकं नसलं तरी चालतं, असं बाई चिडून म्हणायच्या.

शेवटी त्यांनीच तोड काढली. दाराशी एक डबा ठेवला. आत येणाऱ्यानं त्यात एक चिंचोका टाकायचा, बाईंनी बघून पटावर खूण करायची, नाव पुकारायचंच नाही. त्रेचाळीस मुलं, त्रेचाळीस चिंचोके. मायाक्का एक दिवस चुकली नाही. तिच्या नावापुढे रोज हजेरी लागू लागली, आणि बाईंना वाटलं, चला, निदान एवढं तरी जमलं.

फेब्रुवारीत तपासणीला साहेब आले. आदल्याच आठवड्यात एका शाळेच्या पटावर खोटी नावं सापडल्यामुळे ते ताकही फुंकून पीत होते. त्यांनी स्वतः नावं पुकारली. मायाक्काच्या नावाला तीनदा हाक मारली, उत्तर नाही. बाईंनी बोट दाखवलं, ही काय समोर बसलीय. साहेबांना वाटलं, पट भरायला रस्त्यावरचं कुणाचं तरी पोर आणून बसवलंय. हीच मायाक्का कशावरून, असं त्यांनी विचारलं. चिंचोक्यांचा डबा बघून तर ते हसलेच. शेऱ्यात लिहून गेले: खोटी हजेरी.

हेडमास्तरांची निवृत्ती वर्षावर आलेली. पोरीचं नाव आजच पटावरून कमी करा, कारण लिहा ‘शिक्षणास अपात्र’, असं त्यांनी फर्मावलं. बाईंनी घसा कोरडा पडेस्तोवर भांडून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. नोकरीवर गदा येईल म्हटल्यावर त्या गप्प झाल्या आणि तांबड्या शाईची रेघ त्यांनीच ओढली. साहेबांपेक्षा, हेडमास्तरांपेक्षा त्यांना स्वतःचाच जास्त राग आला.

शाळा सुटल्यावर केराबाई पोरीला न्यायला आली, तेव्हा बाईंनी सगळं सांगितलं. केराबाई रडली नाही, भांडलीही नाही. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

“उद्या तिला तशीच घेऊन या,” बाई घाईनं म्हणाल्या. “पटावर नाव नसलं तरी मी वर्गात बसवीन. बघू कोण काय करतं ते.”

केराबाईनं पोरीच्या हातात आपल्या पदराचं टोक दिलं. हात धरलेला मायाक्काला खपत नसे.

“नगं, बाई,” ती म्हणाली. “बसायला काय, घरात बी बसंल ती. घरात, गल्लीत समदी हिला येडीच म्हंत्यात. हिचं नाव फकस्त तुमच्या वहीत व्हतं.”