दोष रायफलचा

पुण्यात झुरळ दिसलं की हे मला हाक मारायचे. स्वतः पाय वर घेऊन खुर्चीत बसायचे आणि चप्पल घेऊन मी यायचे. हाडांचे सर्जन, माणसाची मांडी उघडून आत खिळे ठोकणारे, पण झुरळापुढे सपशेल शरणागती. असा माणूस स्कॉटलंडच्या डोंगरात हरणं मारायला जाऊ लागला, हे माझ्या सासूबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी माझंच डोकं फिरलंय असं म्हटलं असतं.

ऐंशीच्या दशकात आम्ही एडिनबरा सोडून वर उत्तरेला आलो. छोटं गाव, छोटं हॉस्पिटल, आणि मराठी घर एकच, आमचं. भोवती डोंगर आणि डोंगरात हरणं, इतकी की हिवाळ्यात खाली उतरून लोकांच्या परसातला कोबी फस्त करायची. तिथे हरणं मारणं हे चैनीपेक्षा काम जास्त. दर हिवाळ्यात काही माद्या कमी केल्या नाहीत तर कळपच्या कळप उपासमारीने मरतात, असं मला ज्याने त्याने समजावून सांगितलं. मला ते पटलं. आवडलं कधीच नाही.

यांना त्यात ओढलं यांच्याच दोन पेशंटांनी. एक म्हातारा रखवालदार. जवळच्या मोठ्या इस्टेटीवरची हरणं राखण्यात आणि वेळ आली की मारण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याचा उजवा खुबा यांनी बदलला होता, आणि तो इतका झकास बसला की म्हातारा पुन्हा डोंगर चढायला लागला. दुसरा मेंढ्या पाळणारा शेतकरी, चाळिशीतला. ट्रॅक्टरखाली त्याच्या मनगटाचा चुरा झाला होता. ते मनगट यांनी पट्टी आणि स्क्रू घालून असं जोडलं की तो पुन्हा मेंढ्यांची लोकर कापू लागला. इथे सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर म्हणतात, आणि त्यात मोठा मान असतो. हे दोघं मात्र मान बाजूला ठेवून सरळ 'डॉक्टर' म्हणायचे आणि वर देवासारखं मानायचे.

पहिल्या वर्षी हे नुसते चालायला म्हणून गेले. दुसऱ्या वर्षी हातात रायफल आली. तिसऱ्या वर्षी हे घरात लोकरीच्या विजारीत वावरू लागले, तेव्हा मी ओळखलं की गडी गेला.

डोंगरावरून उतरलं की तिघं आमच्या स्वयंपाकघरात यायचे, कारण आमचं घर वाटेवर होतं आणि माझी कांदाभजी त्या दोघांना चढली होती. टेबलावर मी वर्तमानपत्र अंथरायचे. त्याच्या एका टोकाला भजी आणि दुसऱ्या टोकाला रायफलमधून काढलेला बोल्ट. मग वाद सुरू व्हायचा, आणि तो वाद म्हणजे आमच्या घरातला हिवाळा.

ही रायफल चालते दाराच्या कडीसारखी. मूठ वर करून बोल्ट मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर उडतं, पुढे ढकलला की नवं आत जातं, मूठ खाली केली की दार बंद. एवढ्याशा गोष्टीवरून दोन शहाणी माणसं वर्षानुवर्षं भांडू शकतात, यावर माझा आधी विश्वास बसला नसता. म्हाताऱ्याची रायफल जुन्या जर्मन धाटणीची होती. तिच्या बोल्टला एक लांब पोलादी नखी होती. काडतूस मॅगझिनमधून, म्हणजे खालच्या पेटीतून, निघालं की ती नखी त्याची कड पकडायची आणि बाहेर फेकेपर्यंत सोडायची नाही. "उलटी धरा, बर्फात लोळवा, ती दगा देणार नाही," म्हातारा म्हणायचा. शेतकऱ्याची रायफल नवी, फिनलंडची, लोण्यासारखी चालणारी. "नखी हा म्हाताऱ्यांचा धर्म आहे," तो म्हणायचा. "त्या उघड्या खाचेत गवत जातं, चिखल जातो. माझ्या रायफलीत काही शिरतच नाही." मग म्हातारा धुराड्याकडे बघून म्हणायचा, "फिनलंडमध्ये हरणं बहुतेक उभी राहून वाट बघत असतील." हे मध्ये बसून दोघांना फोडणी घालायचे. मी भजी तळायचे आणि मनात म्हणायचे, लहान मुलांना खेळणी तरी बरी.

मग नव्वदनंतरच्या एका हिवाळ्यात यांच्या हातात रायफल दगा देऊ लागली.

त्यांचा एक रिवाज होता. रायफल कापडी खोळीत घालून रखवालदार वाहणार. हरणाच्या टप्प्यात यायला शेवटचं सरपटणं झालं की ती पाहुण्याच्या हातात देणार. आणि गोळी सुटली रे सुटली की, हरीण पडलं का हे न बघता आधी बोल्ट ओढून दुसरी गोळी नळीत घ्यायची. जनावर जखमी झालं तर ते तडफडत सोडायचं नाही, एवढी एकच गोष्ट ते पापपुण्याच्या भाषेत बोलायचे. एके दिवशी म्हाताऱ्याच्या रायफलीने यांनी गोळी झाडली, बोल्ट ओढला, ढकलला, चाप दाबला, तर नुसती टिक. आत रिकामंच काडतूस परत गेलेलं. नशिबाने मादी पहिल्याच गोळीत पडली होती.

त्या दिवशी शेतकऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. "सांगत होतो ना! नखीने रिकामं काडतूस सोडलंच नाही!" पुढच्या वेळी त्याने आपली फिनलंडची दिली. पुन्हा टिक. या वेळी रिकामं काडतूस उडालं होतं, पण नवं आत आलंच नव्हतं. आता म्हाताऱ्याची पाळी. टेबलावर दोन्ही बोल्ट शेजारी शेजारी. स्प्रिंगा काढल्या, घातल्या. थंडीत तेल घट्ट होतं असं ठरलं. मग काडतुसं खराब असं ठरलं. मग मॅगझिन.

"बोल्ट अर्धाच मागे गेला की असं होतं," शेतकरी एकदा बोलून गेला. "नवशिके करतात."

"मग इथे तसं झालेलं नाही," म्हातारा म्हणाला आणि त्याने भजं उचललं. विषय संपला.

त्यांची काय चूक? ज्या हातांनी त्यांची हाडं बसवली ते हात अर्ध्यावर थांबतील, हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. पोलादावर संशय घेणं त्यांना जास्त सोपं गेलं. आणि वाईट याचं की हेही त्या वादात हिरिरीने उतरायचे. "अगं, प्रॉब्लेम एक्स्ट्रॅक्टरचाच, त्या नखीचाच आहे, आय ॲम टेलिंग यू," असं मला रात्रीच्या जेवणावर पटवून द्यायचे. मी आमटी वाढत राहायचे.

कारण मला त्याआधीच, होळीला, दिसलं होतं. पुरण आमच्याकडे हेच वाटायचे, पुरणयंत्राची मूठ गरागरा फिरवत, गाणी म्हणत. त्या वर्षी मूठ अर्धी फिरायची आणि थांबायची. परत अर्धी, त्याहून थोडी कमी. हात थरथरत नव्हता, थरथरला असता तर कुणीही ओळखलं असतं. नुसता लहान लहान होत होता, त्याचं हलणंच आखडत चाललं होतं. मग मी बघतच गेले. चालताना डावा हात झुलायचा, उजवा अंगाला चिकटलेला. सही मुंगीएवढी.

"अहो, हात कुणाला तरी दाखवा," मी म्हटलं.

"मीच डॉक्टर आहे," हे म्हणाले. "फ्रोझन शोल्डर आहे, जाईल."

"ऑपरेशनं करताय तुम्ही."

"मग? काही झालंय का अजून?" एवढं बोलून ते बागेत निघून गेले, आणि बाहेर पाऊस होता.

कुणाला सांगणार मी? यांच्या साहेबांना फोन करून नवऱ्याची नोकरी घालवू? आणि हे म्हणतात तसं खांद्याचंच निघालं तर? त्यात म्हाताऱ्याचा डावा खुबाही आता गेला होता. वेटिंग लिस्टवर त्याचं नाव वर सरकत होतं, आणि त्याने सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं की हाही डॉक्टरच करणार. रोज सकाळी हे हॉस्पिटलला गेले की मी पोळ्या लाटायच्या सोडून म्हाताऱ्याच्या त्या खुब्याचा विचार करत बसायचे. माझं डोकं पिकलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले. म्हातारा आता लंगडत होता, म्हणून आम्ही दोघं खाली गाडीत बसलो, दुर्बीण आळीपाळीने वापरत. हे आणि शेतकरी वर. गोळीचा आवाज आला. दुर्बीण माझ्या हातात होती. मादी खाली बसली, उठली, आणि मागचा पाय लोंबकळत ठेवून उतारावरून निघाली. हे पालथे पडलेले, आणि त्यांचा उजवा हात बोल्टशी झटापट करत होता. ओढ, ढकल. ओढ, ढकल. काहीच नाही. शेतकऱ्याने यांच्या हातातून रायफल अक्षरशः हिसकावून घेतली आणि तो पळाला. दुसरी गोळी ऐकू यायला फार वेळ लागला. तेवढा वेळ हे गवतात बसून होते, आणि मी काचेमागे. मला त्या मुक्या जनावराची दया येत होती आणि यांची जास्त.

"नक्की स्प्रिंग," म्हातारा माझ्या शेजारी पुटपुटला.

घरी आल्यावर मी भजी केली नाहीत. शेतकऱ्याने सवयीने बोल्ट काढून टेबलावर ठेवला, आणि म्हातारा चष्मा लावून त्यावर वाकला. तेव्हा हे म्हणाले, "रायफल ठीक आहे. दोन्ही रायफली ठीक आहेत."

मग त्यांनी उजवा हात वर धरला आणि अंगठा आणि तर्जनी उघडमीट करून दाखवली, न्यूरॉलॉजीवाले पेशंटला करायला लावतात तशी. पहिल्यांदा चिमूट चांगली उघडली. मग कमी. मग आणखी कमी. मग बोटं एकमेकांना चिकटून राहिली आणि उघडेनात. हे त्या बोटांकडे असं बघत होते, जणू दुसऱ्या कुणाची बोटं तपासतायत. "पार्किन्सन्स," ते म्हणाले. मला मराठीत म्हणाले, "तुला माहीत होतं."

शेतकऱ्याने आपलं मनगट दुसऱ्या हाताने धरलं आणि मान खाली घातली. म्हाताऱ्याने मात्र यांच्या बोटांकडे बघितलंच नाही. "तुम्ही दमलायत डॉक्टर," तो बोल्ट पुसत म्हणाला. "माझ्या ऑपरेशनच्या आधी जरा सुट्टी घ्या."

दुसऱ्या दिवसापासून यांनी सुरी हातात घेतली नाही. तपासण्या झाल्या, आजाराचं नाव पक्कं झालं, गोळ्या सुरू झाल्या. म्हाताऱ्याचं ऑपरेशन यांनी दुसऱ्या सर्जनकडे सोपवलं, तरुण, हुशार, यांनीच शिकवलेला. तारीख आली आणि म्हातारा गेलाच नाही.

"मी थांबतो," तो म्हणाला. "डॉक्टरांचा हात बरा होईपर्यंत."

हे त्याच्या घरी गेले, चिडले, हात जोडले. हा आजार बरा होत नाही हे त्यांनी त्याला चित्र काढून समजावलं. मी वेगळी गेले आणि त्याच्याशी भांडले. तुम्ही स्वतःचे हाल करताय आणि आमच्या जिवाला घोर लावताय, असं तोंडावर बोलले. त्याने मला चहा दिला. "हाताला विश्रांती मिळाली की येतो हात," एवढंच. शेतकऱ्याने त्याला हट्टी गाढव म्हटलं, त्यावर ते दोघं बरेच दिवस बोलत नव्हते. आम्ही काहीही करू शकलो नाही. माणूस उभा राहून दुखणं सोसतोय, उपाय रस्त्याच्या पलीकडे आहे, आणि तो अडलाय कशावर, तर यांच्यावरच्या विश्वासावर.

असे हिवाळे गेले. म्हातारा आधी एका काठीवर आला, मग दोन काठ्यांवर. हे आधी शर्टाच्या बटणांना अडले, मग घासाला. शनिवारी दुपारी तो येऊन यांच्या समोर बसायचा. दोघं हरणांविषयी, हवेविषयी बोलायचे. चहा झाला की आधी मी एकाला बगलेत हात घालून उठवायचे, मग दुसऱ्याला. दोघांचंही वजन तोवर माझ्या ओळखीचं झालं होतं.

दर शनिवारी निघताना तो विचारायचा, "हात कसा आहे, डॉक्टर? मला घाई नाही." आणि दर शनिवारी हे सांगायचे, त्या जड झालेल्या, पुसट आवाजात, की हात बरा होणार नाही, दुसऱ्याकडे जा. पेशंटला खोटी आशा दाखवायची नाही, हे त्यांनी जन्मभर पाळलं होतं. त्यावरून माझ्या बहिणीशीसुद्धा एकदा त्यांचं वाजलं होतं.

एका शनिवारी म्हाताऱ्याला दारापर्यंत पोचायला इतका वेळ लागला की मी मध्ये खुर्ची ठेवली. त्याचा चेहरा घामाने भिजला होता. त्याने मागे वळून तेच विचारलं. यांनी त्याच्याकडे बघितलं. ओठ हलायला वेळ लागायचाच, मला वाटलं नेहमीचंच येतंय.

"पुढच्या वसंतात करू," हे म्हणाले.

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. तो माझ्याकडे वळला. "ऐकलंत ना तुम्ही?"

"हो," मी म्हटलं. "ऐकलं."