कडता आधी बोलायचा

आमच्या शिलाई मशीनशेजारी भिंतीला एक बोलका डबा टांगलेला आहे. गिऱ्हाइकानं फोनवरून पैसे पाठवले की डबा खणखणीत आवाजात सांगतो, ‘दोनशे पन्नास रुपये मिळाले.’ शाळेत हजेरी घेणाऱ्या बाईंसारखा आवाज. बायकोचा त्याच्यावर फार जीव. फुकट मिळालेली वस्तू इतकी खरं बोलते, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. डबा खरंच बोलतो, पण फक्त येणाऱ्या पैशांबद्दल. जाणाऱ्या पैशांबद्दल तो चकार शब्द काढत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं.

मी वडवणीजवळच्या एका जिनिंगवर हिशेब बघतो. गावात मला मुनीम म्हणतात. कापसाची गाडी आली की ती वजनकाट्यावर चढायच्या आधी मी जाऊन माल बघतो. कापूस ओला असेल, त्यात माती-पाचोळा असेल, तर वजनातून काही किलो कापायचे. त्याला कडता म्हणतात. कडता कुणालाच आवडत नाही, आणि तो बोलणारा माणूस तर त्याहून आवडत नाही. पण त्याचा एक रिवाज आहे. गाडी काट्यावर चढायच्या आधी, चार माणसांत, मोठ्यानं कडता बोलायचा. पटला तर गाडी काट्यावर, नाही पटला तर गाडी वळवून दुसऱ्या जिनिंगला. वजन झाल्यावर कडता काढला तर ती लबाडी. असं केलेला मुनीम पुन्हा त्या काट्यावर दिसत नाही.

संक्रांतीनंतर आमच्या मालकांचं आणि त्यांच्या भागीदाराचं बिनसलं आणि जिनिंगला कुलूप लागलं. ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं म्हणत दसरा आला. आठ महिने पगार नाही. मी दोन-तीन दुकानांचे हिशेब लिहून देत होतो, बायको शिवणकाम करत होती. रोख मिळेल ते घरात जायचं. फोनवरून येणारे ब्लाऊजचे पैसे मात्र हात न लावता बाजूला ठेवायचे, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिला पिको-फॉलचं मशीन घ्यायचं होतं. साडी आली की ब्लाऊज आमच्याकडे आणि पिको दुसरीकडे, असं व्हायचं. मग पुढच्या वेळी ब्लाऊजही तिकडेच जायचा.

डबा माझ्या खात्याला जोडलेला होता. तिचं खातं घाटनांदूरला, माहेरचं, लग्नाआधीचं, कधीच झोपी गेलेलं. माझं पगाराचं खातं, म्हणून मीच म्हणालो होतो, “माझ्यात येऊ दे. हिशेब राहील.”

हिशेब राहिला. बँकेकडे.

बाजारपेठेत शिलाई मशीन दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. त्यांच्याकडे जुनं पिको मशीन आलं. चांगलं चालणारं, साडेतीन हजारांना. बायकोनं बोटांवर मोजलं. पंधरा ब्लाऊज, प्रत्येकी अडीचशे. तीन हजार सातशे पन्नास झाले की! ती चाचांना हो म्हणून आली. मी पैसे काढायला गेलो, तर एटीएमच्या पडद्यावर शिल्लक दिसली, पाचशे चौसष्ट रुपये.

मी कार्ड काढलं, पुसलं, परत घातलं. पाचशे चौसष्टच.

घरी येऊन सांगितलं. तिनं क्षणभर डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“म्हणजे बँकेनं पंधरातले दोन ब्लाऊज आन् एक बाही आपल्याला ठिवली.”

“तसंच काहीसं.”

“तुमच्या बँकेला लई कपडे लागतात हो. कुणाचं लगीन हाय का तिच्या घरात?”

दुसऱ्या दिवशी शाखेतून उतारा काढून आणला आणि ओळ न् ओळ तपासली. प्रकार असा होता. तीन महिने पगार आला नाही की पगाराचं खातं आपोआप साधं होतं. साध्या खात्यात किमान पाच हजार ठेवावे लागतात. नाही ठेवले तर महिन्याला तीनशे चोपन्न रुपये कापतात. म्हणजे पगार थांबला म्हणून पैसे नव्हते, आणि पैसे नव्हते म्हणून दंड. असे पाच महिने. पगाराच्या खात्याबरोबर मोबाईलवर संदेश यायची सोयही गेली होती. ती आता पैसे भरून घ्यावी लागते. पण ही गोष्ट कळवणारा संदेश कुणी पाठवला नव्हता. शिवाय विम्याचा हप्ता खात्यातून कापू नका असा अर्ज मी कुलूप लागल्यावर लगेच दिला होता. शिक्क्याची पोच माझ्याकडे होती. तरी चार वेळा हप्ता मागितला गेला, चार वेळा पुरेसे पैसे नाहीत म्हणून परत गेला, आणि दर वेळी दोनशे पंच्याण्णव दंड. शेवटची ओळ नव्या कार्डाची, दोनशे छत्तीस. जुनं कार्ड मी आठवडी बाजारात हरवलं होतं.

“म्हणजे ते आपले तीन हजार एकशे शहाऐंशी परत घ्यायचे,” बायको म्हणाली.

“दोन हजार नऊशे पन्नास. कार्डाचे त्यांचे बरोबर आहेत. कार्ड मी हरवलं.”

तिनं सुईत दोरा ओवत विचारलं, “कार्ड कुनी हरवलं?”

“मी.”

“आन् ब्लाऊज कुनाचे गेले?”

या प्रश्नावर मी पाणी प्यायला आत गेलो.

चाचांना सांगावं लागलं. ते भले माणूस. पण त्यांनीही हात वर केले. “भाभी, आष्टीचं गिऱ्हाईक रोज फोन करतंय. तुमच्यासाठी दाबून ठेवलंय मी. पन पुढच्या बाजारापर्यंतच हां. दिवाळीचा सीझन हाय, मी तरी किती दाबू?”

तो बाजाराचाच दिवस, म्हणजे पुढच्या बाजाराला आठवडा होता. मी लगेच अर्ज घेऊन शाखेत निघालो. बायको म्हणाली, “मी बी येते. तुमी एकटे गेलात तर कार्डाचे आनखी भरून याल.” शाखा गच्च भरलेली. भाजीच्या पिशव्या, पासबुकं, एक कोंबडी सुद्धा, पाय बांधलेली.

शाखाधिकारी तरुण, पुण्याकडून नवीन बदलून आलेले. बोलायला नम्र. उतारा बघून म्हणाले, “सर, खातं उघडताना तुम्ही सही केलीय. अटींमध्ये हे सगळं आहे.”

“सही पगाराच्या खात्याची आहे,” मी म्हणालो. “खातं तुम्ही बदललंत. बदलताना कळवलं का?”

“नियम वेबसाइटवर आहेत.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “असं करू या. तुमचा पगार बंद होता ना? तसा अर्ज द्या. आर्थिक अडचणीमुळे दंड माफ व्हावा, ही विनंती. मी सहानुभूतीनं वर पाठवतो.”

माणूस मदतच करत होता, हे मला कळत होतं. पण आठ महिने मी कुणाकडे सहानुभूती मागितली नव्हती. किराण्याची उधारी लिहून ठेवली, लिहिलेली फेडली. आता माझेच पैसे परत घ्यायला हात जोडायचे?

“साहेब,” मी म्हणालो, “अडचण माझी आहे. चूक तुमची आहे. दोन वेगळ्या रकान्यांतल्या गोष्टी आहेत.”

बायकोनं कोपर मारलं. “अहो, दया म्हना, माया म्हना, पैसे घ्या. मशीन दुसऱ्या रकान्यात जाईल.”

तिचं खरं होतं. माझा मुद्दा बरोबर होता आणि बाजार आठवड्यावर आला होता. मी पेन काढून घुटमळत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

“काय मुनीम! आज तुमी काट्यावर?”

वळून पाहिलं. रांगेत एक आबा उभे होते, दरसाल आमच्याकडे कापूस घालणारे. माझ्याशी भांडल्याशिवाय त्यांचा हंगाम सुरू होत नाही.

“चढलोय आबा,” मी म्हणालो.

“किती कडता लागला?”

“दोन हजार नऊशे पन्नास.”

आबांचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. “आत्ता कसं! दरसाल म्हनायचो, मुनीम, दोन किलो सोडा, सोन्यावानी कापूस हाय. सोडलं का कदी?”

“न्हाई सोडलं.”

“वहिनी, ऐकताय का?”

“ऐकतेय आबा,” बायको म्हणाली. “घरी बी असंच हाय.”

रांग हसली. कोंबडी सुद्धा ओरडली. साहेबांनी विचारलं, “कडता म्हणजे काय?” आणि मग आबांनी रांगेतली जागा सोडून टेबलाजवळ येऊन सगळं समजावलं. हाताचे हावभाव करून. मी त्यात कुठंही चांगला दिसत नव्हतो.

“ह्यो मानूस लई कापायचा, साहेब. कापसात खडा दिसला की ह्याला डोंगर दिसायचा. पन एक सांगतो. गाडी काट्यावर चढायच्या आदी बोलायचा. समद्यांसमोर. एकदा मला न्हाई पटलं, म्या गाडी वळवून दुसऱ्या जिनिंगला गेलतो.”

“मग?”

“मग काय, तितं दीडपट कापला. दुसऱ्या साली परत ह्याच्याकडंच आलो.” आबा टेबलावर झुकले. “तर तुमी कापायच्या आदी बोललात का, येवढंच सांगा.”

“नियम वेबसाइटवर आहेत, बाबा.”

“ती कुटं हाय?”

“इंटरनेटवर.”

“मंग पैसे बी तितलेच कापायचे. ह्यांच्या खात्यातले कावून कापले?”

साहेब हसले. वाईट हसणं नव्हतं. त्यांनी माझा अर्ज पुढं ओढला आणि पहिल्यांदाच नीट वाचला. शेवटच्या ओळीवर थांबले.

“हे दोनशे छत्तीस तुम्ही सोडलेत. ‘कार्ड माझ्याकडून हरवले, सबब ही कपात मान्य.’ हे का लिहिलंय?”

“कारण ती मान्य आहे.”

“असं कुणी लिहीत नाही, सर.”

“ते लिहितात,” बायको म्हणाली. “माज्या पैशानं लिहितात.”

शेवटी दोन ओळी लिहिल्या. पहिली, पूर्वसूचना न देता आणि पोच असूनही केलेली कपात परत मिळावी. दुसरी, या काळात अर्जदाराचा पगार बंद होता, तरी लवकर व्हावे. दुसरी ओळ लिहिताना पेन जरा जड झालं, पण ओळ खरी होती आणि बाजार जवळ होता. साहेबांनी खाली स्वतःच्या हातानं शेरा मारला, ‘ग्राहकाचे म्हणणे योग्य वाटते’. सही केली, शिक्का मारला. मी पोच मागितली. तेही बहुधा त्यांना अपेक्षितच होतं.

त्या आठवड्यात बायको डब्याकडे जितकं बघत होती तितकं माझ्याकडे लग्नात सुद्धा बघितलं नसेल. डबा गप्प. तिनं दोनदा वायर काढून घातली. बाजाराच्या आदल्या दिवशी मी दुपारी कार्ड घेऊन निघालो.

“कशाला जाताय? डबा बोलला न्हाई,” ती म्हणाली.

“बँकेनं टाकलेले पैसे डब्याला कळत नाहीत.”

“मंग त्याला कळतं तरी काय?”

पडद्यावर तीन हजार पाचशे चौदा दिसले. मी कार्ड काढलं, पुसलं, परत घातलं. तीन हजार पाचशे चौदाच. साडेतीन हजार काढून तिच्या हातात दिले. तिनं नोटा मोजल्या, मग माझ्यासमोर पुन्हा मोजल्या. आमच्या घरात हे अविश्वासाचं लक्षण नाही, वळणच तसं पडलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार भरायच्या आत चाचांनी हातगाड्यावरून मशीन घरी पोचवलं. जाताना म्हणाले, “आष्टीवाल्याला काय सांगू आता?” बायको म्हणाली, “सांगा, बँकेनं त्याच्यासाठी लई जोर लावला, पन जमलं न्हाई.”

खात्यात चौदा रुपये उरले होते. ते तसेच ठेवून मी दुसऱ्या दिवशी शाखेत तिच्या नावाचं खातं उघडायला गेलो, बिनशिलकीचं. किमान रक्कम शून्य आहे ना, हे मी साहेबांना मोठ्यानं, चार माणसांत विचारलं. त्यांनीही मोठ्यानं सांगितलं. डबा आता तिच्या खात्याला जोडलेला आहे.

दसऱ्यानंतर मालकांचं जमलं आणि जिनिंगचं कुलूप निघालं. पहिला पगार होणार त्या सकाळी मी चपला घालत होतो. ती पिको मशीनवरून उठून दारात आली. गळ्यात टेप, तोंडात टाचणी. टाचणी काढली आणि समोरच्या दोन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“पगारातून दोनशे छत्तीस कडता! कार्डाचे. गाडी काट्यावर चढायच्या आदी बोलतेय. पटत नसंल तर आत्ताच सांगा.”

समोरच्या ओट्यावरच्या म्हातारीनं मान वर केली. मी एक चप्पल घातलेला, एक हातात.

“मान्य,” मी म्हणालो.

“मोठ्यानं बोला.”

“मान्य!”

ती आत गेली आणि मशीन सुरू झालं.