सेल गेला होता

"ताई, मशीन म्हणते डिस्कच नाही!" वसंता फोनवर ओरडत होता. "आतमधी केळी हाये ना वं!"

वसंता म्हणजे शहराबाहेरच्या एका केळी पिकवण्याच्या कोल्ड स्टोरेजचा ऑपरेटर. माणूस मूळचा देडतलाई गावचा. माझं शहरातल्या लोधीपुऱ्यात जुन्या मशीनच्या रिपेअरिंगचं दुकान आहे. नवीन पोरं ज्याला हात लावत नाहीत ते माझ्याकडे येतं. मी स्कूटी काढली.

आधी थोडं समजावते. हिरवी केळी बंद खोलीत ठेवतात, पिकवायचा गॅस देतात आणि मग चार-पाच दिवस ठरावीक थंडावा राखतात. केळी पिकताना स्वतःच गरम होतात. थंडावा बंद पडला की संध्याकाळपर्यंत सगळा माल मऊ. हे सगळं एक छोटा कॉम्प्युटर सांभाळतो. इथला फार जुना. त्याला हार्ड डिस्क नाही, तिच्या जागी आगपेटीएवढं एक मॉड्यूल थेट बोर्डवर खोचलेलं. मेमरी पाचशे बारा एमबी. आजच्या मोबाइलमधले लग्नाचे दोन व्हिडिओ त्यात मावणार नाहीत. बनवणारी कंपनी कधीच बंद झाली. स्टोरेजच्या मालकाकडे, म्हणजे शेठकडे, उरली होती फक्त सिस्टीम नव्याने बसवायची तिची एक सीडी.

पोचले तर वसंता दाराशीच उभा. चेहरा पडलेला.

"ताई, आतमधी शेठचा माल हाये. अन् एका कोपऱ्यात माझाबी."

"तुझा कसा?"

"पहिल्यांदाच. आजवर वावरातच व्यापाऱ्याले हिरवी देऊन टाकत होतो. यंदा शेठच्या पाया पडलो, म्हटलं माझे चाळीस क्रेट ठेवू द्या. ते म्हणले, चांगली पिकली तर पुढची कापणीबी घेईन. अन् आता म्हणतात, मशीन तूच बिघडवली. माल गेला तर उद्यापासून येऊ नको."

मी स्क्रीन बघितली. डिस्क सापडत नाही. मग सेटअप उघडला. मशीन जागं होताना सगळ्यात आधी हे पान वाचतं, कुठे काय जोडलंय ते त्यात लिहिलेलं असतं. मॉड्यूलचं पोर्ट बंद दिसलं, मी चालू केलं. तारीख चुकलेली होती, ती हातानं दुरुस्त केली. आणि लगेच सीडी लावली. जुनी सिस्टीम अजून चालते का, ते बघितलंसुद्धा नाही. वीस वर्षांचा अनुभव! असा अनुभव खड्ड्यात घाला.

सीडीवर ओरखडे. वाचेचना.

"केळीच्या सालीनं पुसा," वसंता म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. मग पुसली. आणि चालली की हो!

असल्या मॉड्यूलवर फायली मुंगीच्या पावलांनी जातात. पाऊण तास लागला. सिस्टीम बसली, कंट्रोलर सुरू झाला, पंखे फिरले. वसंताने कोपऱ्यातल्या गणपतीच्या फोटोला हात जोडले. फोटोपुढे प्लास्टिकचा छोटा दिवा मिणमिणत होता. मी चहाचा पहिला घोट घेतला आणि लाईट गेली.

जनरेटर सुरू व्हायला दोन मिनिटं लागतात. मशीनचा यूपीएस मेलेला, म्हणजे तेही बंद पडून पुन्हा सुरू झालं. डिस्क सापडत नाही.

"झालं!" मी म्हटलं. "मॉड्यूल संपलंय. असल्या मेमरीवर ठरावीक वेळाच लिहिता येतं. म्हातारी झाली ती."

मी पिशवीतून जुन्या कॅमेऱ्याचं कार्ड काढलं, ॲडॅप्टर लावून मॉड्यूलच्या जागी बसवलं. पुन्हा पोर्ट चालू केलं, पुन्हा तारीख टाकली, पुन्हा पाऊण तास. खोलीच्या तापमानाचा काटा चढत होता. वसंता मिनिटामिनिटाला आत जाऊन केळीला हात लावून यायचा, जसं काय पोराला ताप आलाय. शेठचा फोन आला, "मॅडम, शाम तक हो जाएगा ना? नाहीतर वसंताला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगून टाकतो."

सिस्टीम बसली. पंखे फिरले. आणि लाईट पुन्हा गेली.

या वेळी मात्र मी हात मागे घेतले आणि स्क्रीन नीट वाचली. मशीनच्या मते आज एक जानेवारी होती. साल दोन हजार दोन. दोनदा मी ती तारीख दुरुस्त केली होती आणि दोनदाही डोक्यात प्रकाश पडला नव्हता. लाईट गेल्यावर तारीख आणि सेटअप लक्षात ठेवतो तो बोर्डवरचा रुपयाएवढा सेल. मी टॉर्च मारला. गोल खाच रिकामी.

"वसंता, इथला सेल कुठे?"

त्याची नजर हळूच गणपतीकडे गेली.

"अरे देवा!"

"काल संध्याकाळी देवाचा दिवा इझला ताई. माझी केळी पहिल्यांदाच आत. देवाले अंधारात कसं ठेवू?" त्याचे डोळे भरून आले. "म्हटलं मशीनले तर लाईट हाये ना, तिले सेल कायले लागते? अन् पहाटे लाईट गेली."

मला इतका राग आला, आणि इतकं हसू आलं, की दोन्ही एकदम निघेनात. मी दिव्यातला सेल काढून बोर्डवर बसवला. सेटअप भरला. हट्टानं जुनं मॉड्यूलच परत लावलं. पहिल्या झटक्यात सुरू! म्हणजे बिचारं सकाळपासून धडधाकट होतं. मग मी मेन स्विच खाली केला. वसंताने डोळे मिटले. स्विच वर केला. तारीख आजची, डिस्क जागेवर, पंखे चालू.

तेवढ्यात शेठ आलेच. "काय झालं होतं, मॅडम?"

वसंताने मान खाली घातली.

"सेल गेला होता," मी म्हटलं. एकही शब्द खोटा नव्हता.

"एवढासा सेल?" शेठ म्हणाले. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली आणि ते भडकले. "अन् हा दिवा का बंद आहे? वसंता! देवासमोर अंधार ठेवतो, मग मशीन बंद पडणार नाही तर काय होणार?"

मी घाईघाईनं पिशवी आवरली.

पाचव्या दिवशी वसंता दुकानात आला. हातात केळ्यांची पिवळीधमक फणी, एक डाग नाही. शेठने पुढची कापणीही घ्यायची कबूल केली होती. देवाला आता प्लगवर चालणारा दिवा आहे, तो शेठनेच आणून दिला.

वसंताने एक सेल काढला होता. मी चांगली सिस्टीम पुसली होती, आणि चांगलं मॉड्यूल मोडीत काढायला निघाले होते ते वेगळंच. त्याचं मी शेठला सांगितलं नाही, माझं मला कुणी विचारलं नाही. फिटंफाट.

तेव्हापासून कुठलंही मशीन उघडलं की मी आधी त्याला तारीख विचारते. मग खोलीत देव कुठे आहे ते बघते.