त्याचे होणारे भाऊ

कच्च्या कांद्याचा वास आला की प्लेनोच्या घरातली ती थँक्सगिव्हिंगची सकाळ आठवते. मुलगा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता, नुकताच तिथल्या एका फ्रॅटर्निटीत, म्हणजे एकमेकांना भाऊ म्हणवणाऱ्या मुलांच्या मंडळात, शिरू पाहत होता, आणि सुट्टीला घरी आला म्हणून मी भज्यांसाठी कांदे चिरत होते. तो स्वयंपाकघरात आला, पांढराफटक पडला आणि सिंकमध्ये भडाभडा ओकला. मी पाठीवरून हात फिरवत राहिले, तेव्हा हळूहळू बोलला, की नव्या मुलांना भिंतीशी उभं करून अख्खे कच्चे कांदे खायला लावतात, आणि ओकलं की पुन्हा पहिल्यापासून. “सोडून दे ना रे,” मी म्हटलं. “आई, यू डोन्ट गेट इट. ते माझे ब्रदर्स होणार आहेत. तिथे मला दुसरं कोणीच नाहीये.” हॉलमधून त्याचे बाबा हसले, “अगं, आमच्या पुण्याच्या हॉस्टेलवर याहून वाईट रॅगिंग व्हायचं. काय झालं आम्हाला?” मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मी सिंक धुतलं. रविवारी मीच त्याला ड्राइव्ह करून डॉर्मवर सोडलं, हातात डबा दिला, नीट राहा म्हटलं. फेब्रुवारीत त्याने कॉलेज सोडलं. आता तो दुसऱ्या राज्यात कुठल्याशा गोदामात काम करतो आणि आमचे फोन उचलत नाही. भेटणाऱ्या बायका समजूत घालतात, हल्लीची मुलं आईबापांना काही सांगतच नाहीत म्हणून. मी मान डोलावते. माझ्या मुलाने मला सगळं सांगितलं होतं.